खासगी वैमानिक व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या घरी रविवारी सकाळी चार-पाच जण हवाई नियमांचा अभ्यास करायला येतात. एक मुलगी ऐरोलीची, दोघं कळव्याचे, एक जण खारघरहून गाड्या बदलत पोचतो. मी काही पेशाने वैमानिक नाही. नोकरी वेगळीच आहे, उडणं हा महागडा छंद. पण लायसन्स आहे आणि परीक्षेची खोड अजून गेलेली नाही, म्हणून शंका माझ्याकडे येतात. त्याच त्याच शंका इतक्यांदा आल्या की एकदाच लिहून काढल्या.

एसपीएल आणि पीपीएल यांत फरक काय? वय, शिक्षण किती लागतं?

एसपीएल म्हणजे स्टुडंट पायलट लायसन्स. गाडीच्या लर्निंग लायसन्सचा मोठा भाऊ समजा. त्यासाठी वय १६ पूर्ण हवं. पीपीएल म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स, त्याला वय १७. दोन्हींना दहावी पास पुरते. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेतलं नव्हतं म्हणून हिरमुसून बसलेले अनेक जण भेटतात. छंद म्हणून उडायचं असेल तर ती अट तुमच्या वाटेत येतच नाही.

पीपीएलसाठी किती तास उडावं लागतं?

किमान ४० तास. त्यातले किमान २० तास सोलो, म्हणजे विमानात तुम्ही एकटे. सोलोमध्ये किमान ५ तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणं, आणि त्यात एक उड्डाण १५० सागरी मैलांचं, म्हणजे जवळपास २७८ किलोमीटरचं. वाटेत दोन वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून पूर्ण थांबायचं. नुसतं चाक टेकवून परत वर गेलात तर ते मोजत नाहीत.

४० हा आकडा कागदावरचा. नोकरी सांभाळून महिन्यातून दोनदा जाणाऱ्याला तेवढ्यात जमत नाही. तीन आठवड्यांच्या खंडानंतर पहिला अर्धा तास हात पुन्हा बसवण्यातच जातो. पैशाचा हिशेब मांडताना तास थोडे जास्तच धरा.

मेडिकलमध्ये चष्मा अडतो का?

नाही. पीपीएलला वर्ग २ ची तपासणी लागते आणि ती डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यायची असते. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. चष्म्याने दृष्टी नीट होत असेल तर हरकत नसते. रंग ओळखण्याची चाचणी मात्र अनेकांना अनपेक्षित असते, ठिपक्यांतून आकडे वाचायचे असतात. पैसे भरण्याआधी ती आधी करून घ्या. पुढे कमर्शियलला, म्हणजे पगारी वैमानिक व्हायला, जायचा विचार असेल तर सुरुवातीलाच वर्ग १ ची मेडिकल देऊन बघा. १०० तास उडून झाल्यावर कान-डोळ्यांची अडचण कळण्यापेक्षा ते बरं.

ठाण्यात राहून शिकायचं कुठे? जुहूला की नवी मुंबई विमानतळावर?

जुहूचा इतिहास मोठा. १९२८ मध्ये सुरू झालेली ती धावपट्टी, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरची घरघर असते. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, प्रवासी विमानं २५ डिसेंबरपासून सुरू झाली. तिथे मोठ्या जेटच्या मधून दोन सीटचं विमान घेऊन सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या, मारत बसायची कल्पना विसरा.

म्हणजे बाहेर पडायला हवं. धुळे, शिरपूर, बारामती, नागपूर, गोंदिया, महाराष्ट्रात जागा आहेत. गंमत म्हणजे ठाण्यातून जाणारा आग्रा रोड तुम्हाला सरळ धुळ्याला नेऊन सोडतो. कसारा घाट, नाशिक, मालेगाव. मी दोन वर्षं तो रस्ता केला. पहाटे चार वाजता खारेगाव सोडलं की उन्हं वर यायच्या आत तिथे पोचायचो.

कायदा कुठला वाचायचा? जुनी पुस्तकं चालतील?

मुख्य कायदा बदललाय. १९३४ चा विमान कायदा जाऊन त्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. जुन्या कायद्याखाली केलेले १९३७ चे विमान नियम आणि त्याखालच्या डीजीसीएच्या सूचना, ज्यांना सगळे ‘कार’ म्हणतात, त्यांच्यावरच रोजचा कारभार चालत आलाय. रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडून घेतलेल्या २०१५ च्या आवृत्तीत समोरून विमान आलं तर कोणी वळायचं तो उजव्या हाताचा नियम बरोबरच असेल, तो कुठे बदलतोय? पण रेडिओची परीक्षा कोण घेतं हे चुकीचं असेल. पूर्वी ती दूरसंचार खात्याकडे होती, नव्या कायद्याने डीजीसीएकडे आणली. परीक्षेत ७० टक्के लागतात, तेव्हा असे दोन-चार मार्कही हातचे घालवू नका.

मित्रांना घेऊन गोव्याला गेलो आणि इंधनाचे पैसे वाटून घेतले तर?

हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि विचारणारा आधी हसतो. पीपीएलवर प्रवासी नेता येतात, पण भाडं किंवा मोबदला, कोणत्याही स्वरूपाचा, घेता येत नाही. अमेरिकेत खर्च वाटून घ्यायची सोय नियमातच लिहिलेली आहे, तिकडच्या व्हिडिओंमुळे आपल्याकडे गोंधळ होतो. आपल्या नियमातले शब्द ‘कोणत्याही स्वरूपाचा’ असे आहेत. माझा सल्ला सरळ आहे: मित्रांना न्या, इंधन तुमचं, जेवणाचं बिल त्यांना भरू दे आणि ते जमिनीवर.

दारू मी पीतच नाही. मग ब्रेथ अॅनालायझरची काळजी कशाला?

कारण तुमची आई तुम्हाला कुमारी आसव देते.

हसू नका. कळव्याचा एक विद्यार्थी, चहासुद्धा न पिणारा. पोट बिघडलं म्हणून आईने सकाळी झाकणभर आसव पाजलं आणि हा फ्लाइंग क्लबवर जाऊन नळीत फुंकला. यंत्राने आकडा दाखवला. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक. आसव-अरिष्टं आंबवूनच तयार होतात, त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपसूक असतं. दशमूलारिष्ट, द्राक्षासव, अशोकारिष्ट, सगळ्यांची तीच गत. होमिओपॅथीच्या थेंबांमध्येही ते असतंच, खोकल्याच्या काही औषधांतही.

नियम असा: उड्डाणाआधी १२ तास मद्य नाही, आणि चाचणीत आकडा शून्य. ‘थोडंसं’ नावाची पायरी तिथे नाही. २०२३ मध्ये नियम सुधारला तेव्हा अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि टूथ जेलसुद्धा वापरू नका असं लिहून टाकलं. शिकाऊ विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर दोघंही यात येतात. पहिल्यांदा सापडलात तर ३ महिने निलंबन, दुसऱ्यांदा ३ वर्षं. औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि उड्डाण पुढे ढकलायला लाजू नका. १२ तास ही किमान मर्यादा आहे हेही ध्यानात ठेवा. लग्नाच्या पार्टीत रात्री एकपर्यंत बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला घड्याळाने पास होईल, डोक्याने होईलच असं नाही.

माझ्या बिल्डिंगवरून अगदी कमी उंचीने उडत जाऊ शकतो का? घरचे गच्चीवर उभे राहतील.

लायसन्स मिळाल्यावर प्रत्येकाच्या मनात हेच असतं, माझ्याही होतं. दाट वस्तीवरून जाताना विमानाभोवती ६०० मीटरच्या परिघात जो सर्वात उंच अडथळा असेल, त्याच्या माथ्यापासून किमान १,००० फूट वर राहायचं. मोजणी जमिनीपासून होत नाही, अडथळ्याच्या टोकापासून होते. घोडबंदर रोडचा विचार करा. तिथे ५०० फुटांचा टॉवर असेल तर तुम्ही जमिनीपासून किमान १,५०० फुटांवर. तुमची स्वतःची बिल्डिंग सात मजल्यांची असली तरी शेजारच्या कॉम्प्लेक्समुळे उंची वाढते. वस्ती नसलेल्या भागात ही मर्यादा जमिनीपासून ५०० फूट.

दुसरी गोष्ट, ठाण्याच्या डोक्यावरचं आकाश मोकळं नाही. मुंबईत उतरणारी विमानं या बाजूने येतात आणि ते सगळं नियंत्रित क्षेत्र आहे. परवानगीशिवाय तिथे शिरायचंच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रावरून तर अजिबात नाही, ते निषिद्ध क्षेत्र आहे. आणि किमान उंचीचा खरा अर्थ वेगळा: इंजिन बंद पडलं तर कोणाच्या अंगावर न पडता उतरायला जागा मिळायला हवी. मानपाड्याच्या सिग्नलवर ती जागा शोधून दाखवा.

वरून फोटो काढले तर? शिवजयंतीला फुलं टाकायची आहेत.

विमानातून किंवा विमानतळावर फोटो काढण्यावर नियमांत बंधन आहे, परवानगी लागते. प्रवासी विमानाच्या खिडकीतून ढगांचे फोटो काढणाऱ्यांना जी सवलत आहे ती तुमच्या कॅमेऱ्यालाही लागू असं समजू नका. विमानातून वस्तू टाकायलाही बंदी आहे. फुलं ही वस्तूच. मंडळाचे अध्यक्ष कितीही आग्रह करोत, पाकळ्यांसाठीसुद्धा आधी अर्ज. आपल्या भागात दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

कोणत्या उंचीवरून जायचं, हे कोण ठरवतं?

सूत्र सोपं आहे. चुंबकीय दिशा ००० ते १७९ अंश असेल तर विषम हजार, १८० ते ३५९ असेल तर सम हजार, आणि नजरेने उडणाऱ्यांनी, म्हणजे व्हीएफआरवाल्यांनी, त्यात ५०० मिळवायचे. पूर्वेला ५,५०० किंवा ७,५००, परतताना ४,५०० किंवा ६,५००.

आता हे पाठ करून गप्प बसू नका, नकाशा उघडा. समजा जुहूहून शिर्डीकडे निघालात. दिशा साधारण ७० अंश, म्हणजे विषम. ५,५०० फूट बरोबर. परीक्षेत पूर्ण मार्क. पण ठाणे मागे टाकून सह्याद्री ओलांडताना डाव्या हाताला कळसूबाई आहे, १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. उजव्या हाताला हरिश्चंद्रगड, १,४२४ मीटर, साधारण ४,६७० फूट. वारा थोडा दक्षिणेचा लागला आणि तुम्ही डावीकडे सरकलात, तर तुमच्यात आणि महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरात फक्त १०० फूट. शिखरावर देवीचं छोटं देऊळ आहे, दर्शन अगदी जवळून होईल. शिवाय डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली खेचते, छोट्या विमानाला तिथे उंची टिकवणं कठीण जातं.

खारघरच्या मुलाने हे गणित फळ्यावर मांडलं आणि स्वतःच म्हणाला, “काका, मग ७,५००.” बरोबर. सूत्र तुम्हाला समोरून येणाऱ्या विमानापासून वाचवतं. डोंगर त्याला माहीत नसतो, तो वैमानिकाने बघायचा.

हवा किती चांगली हवी?

व्हीएफआरसाठी १०,००० फुटांखाली दृश्यमानता ५ किलोमीटर, त्याच्या वर ८ किलोमीटर. ढगांपासून आडवं अंतर १,५०० मीटर, उभं १,००० फूट. नियंत्रित विमानतळावर ढगांचं छत १,५०० फुटांच्या खाली आलं किंवा दृश्यमानता ५ किलोमीटरपेक्षा कमी झाली तर व्हीएफआरने उडायचं नाही.

५ किलोमीटर म्हणजे किती, हे डोळ्याला शिकवायला लागतं. वाशीचा खाडीपूल १.८ किलोमीटरचा. तसे जवळजवळ तीन एकापुढे एक. डिसेंबरच्या सकाळी खाडीकिनारी उभं राहून पलीकडचं काही दिसतंय का बघा, मग कळेल किती दिवस उडण्यासारखे नसतात.

आणि रात्री?

सूर्यास्त ते सूर्योदय व्हीएफआर नाही, एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांनी, सूट दिलेली स्थानिक आणि क्लबची प्रशिक्षणाची उड्डाणं सोडून. संध्याकाळी परतताना दहा मिनिटं वाचवायला इंधन भरणं टाळू नका. दिवसा व्हीएफआरला पोचल्यावरही ३० मिनिटांचं इंधन शिल्लक लागतं.

एडीसी नंबर, एफआयसी नंबर हे काय प्रकरण आहे?

आपल्याकडे क्रॉस-कंट्रीला फ्लाइट प्लॅन भरला म्हणजे झालं असं नाही. फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून ब्रीफिंग घेऊन एफआयसी नंबर घ्यायचा आणि संरक्षण यंत्रणेची परवानगी म्हणून एडीसी नंबर. रडारवर दिसणारा ठिपका आपला आहे हे हवाई दलाला त्यावरून कळतं. टॉवर हे नंबर विचारतो, नसतील तर चाक हलत नाही.

माझा अनुभव सांगतो, चूक माझीच. मे महिना, खानदेशातलं ऊन, कॅनॉपीखाली बसलोय, पट्टे आवळलेले, इंजिन सुरू. टॉवरने एडीसी विचारला. मी गुडघ्यावरच्या पॅडवर बघतो तर एफआयसी नंबर दोनदा लिहिलेला आणि एडीसीच्या जागी जेवणाचा हिशेब. इंजिन बंद करून, घामाने भिजलेला शर्ट सांभाळत ऑफिसात परत. तेव्हापासून दोन नंबर दोन वेगळ्या रंगांत लिहितो.

आणि पोचल्यावर कळवा. जिथे टॉवर नाही तिथे तर आठवणीने. तुमची खबर लागली नाही की शोधाची पहिली पायरी सुरू होते, आणि तुम्ही कँटीनमध्ये मिसळ खात असता.

समोरून विमान आलं तर कोण बाजूला होतं?

समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याला दुसरं विमान आपल्या उजव्या हाताला दिसतंय त्याने थांबून, म्हणजे वळून, वाट द्यायची. ओव्हरटेक करणाऱ्याने उजवीकडूनच जायचं. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, त्यामुळे ठाण्याचा सराईत ड्रायव्हर इथे हमखास चुकतो. उतरताना खाली असलेल्या विमानाला आधी वाट, पण म्हणून मुद्दाम खाली घुसून तीन हात नाक्यासारखी जागा बळकवायची नाही, हेही नियमातच आहे. इंजिनवाल्यांनी ग्लायडर आणि बलूनला वाट द्यायची.

रेडिओ बंद पडला तर?

ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, ७६००. आणि टॉवरकडे डोळे लावा. स्थिर हिरवा दिवा: उतरा. स्थिर लाल: दुसऱ्यांना वाट द्या, चक्कर मारत राहा. लुकलुकणारा हिरवा: उतरायला परत या. लुकलुकणारा लाल: विमानतळ असुरक्षित, उतरू नका. लुकलुकणारा पांढरा: इथेच उतरा आणि एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, या. ७५०० अपहरणाला, ७७०० आणीबाणीला. आणीबाणीची वारंवारता १२१.५.

रेडिओ चालू असतानाचा आपला त्रास वेगळाच. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’ म्हणायचं. आमच्याकडे हे मोठ्याने घोकतात तेव्हा शेजारच्या काकू दार उघडून बघतात. इंग्रजी फाडफाड यायला हवं असं नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर पातळी ४ पुरते, स्पष्ट आणि सावकाश बोललात की झालं.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा आपल्याशी काय संबंध?

बराच. खाडीचं अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. हे पक्षी रात्रीही उडतात आणि थव्याने उडतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाची थव्याला धडक बसली, जवळपास ४० फ्लेमिंगो मेले. मोठं विमान तरी सुखरूप उतरलं. दोन सीटच्या विमानाची काच त्या वजनाला किती टिकेल? पक्षी धडकला तर कळवणं बंधनकारक आहे, नुकसान दिसलं नाही तरी.

नवी मुंबई विमानतळ झाल्यावर नकाशे बदलले का?

हो, पनवेल-उलवे-उरणच्या बाजूचं आकाश आता पूर्वीचं नाही. कोणत्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला जुना चार्ट वापरू नका. हवाई माहितीतले बदल जगभर दर २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रात येतात, तातडीचे नोटॅम नावाच्या सूचनांमधून. उड्डाणाच्या दिवशी सकाळी नोटॅम वाचणं हे दूध तापवण्यासारखं, रोजचं काम.

माझ्याकडे ड्रोनचं सर्टिफिकेट आहे. त्याने काही सवलत?

नाही. ते २०२१ च्या ड्रोन नियमांखालचं वेगळं प्रकरण. विषय निघालाच आहे तर, विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. उलव्यात लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी आधी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा बघावा.

नियम मोडला तर दंड?

लायसन्स निलंबित होतं, रद्द होतं. नव्या कायद्यात २ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हे तास पुढे कमर्शियलला धरतात का?

धरतात. कमर्शियलला एकूण २०० तास आणि वय १८ लागतं. लॉगबुक पहिल्या दिवसापासून नीट ठेवा, खाडाखोड न करता. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही.

माझ्या मुलीचा पहिला सोलो आहे. मला मागच्या सीटवर बसता येईल?

ऐरोलीच्या मुलीच्या बाबांनी हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. नाही, दादा. सोलो म्हणजे विमानात ती एकटी, आणि एसपीएलवर प्रवासी नेताच येत नाहीत, बाबासुद्धा. तुम्ही क्लबच्या व्हरांड्यात उभे राहा. इन्स्ट्रक्टर खाली उतरतील, दार लावतील, दोन पावलं मागे येतील. एक सर्किट, आठ-दहा मिनिटं. वजन कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर वर जातं, ते बघून घाबरू नका. तिला फोन करू नका. आणि पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड ठेवा, उतरल्यावर बहुतेक क्लबांत बादलीभर पाणी डोक्यावर ओततात.